पाठीखालची ऊब

उष्ण कटिबंधातल्या जंगलात माणूस थंडीने काकडतो, असे सांगितले की ऐकणारे हसतात. शाळेतल्या भूगोलाने आपल्या डोक्यात एक चित्र पक्के करून ठेवलेले असते. विषुववृत्ताच्या आसपास घनदाट जंगल, तिथे उकाडा, घाम आणि डास. थंडी हवी असेल तर हिमालयात जावे. आम्ही तर कोकणात वाढलेली माणसे. आमच्या घरांत उबदार म्हणावे असे एकच पांघरूण असायचे, आखातातून कुणीतरी खांद्यावर वाहून आणलेले फुलाफुलांचे जाडजूड ब्लँकेट. तेही वर्षभर पेटीत डांबराच्या गोळ्यांत पडून राही आणि जावई आले की बाहेर निघे. अशा माणसांनी जंगलातल्या थंडीवर लिहावे, हे वाचकांना नवलाचे वाटेल. पण गेली काही वर्षे आम्ही चार-पाच जण वर्षातून दोन-तीनदा रानात झाडांना झोळ्या बांधून झोपतो, आणि या थंडीशी आमची चांगली ओळख झाली आहे.

आम्ही म्हणजे दोघे शाळामास्तर, एक औषधांच्या दुकानातला, एक बँकेतून निवृत्त झालेला, आणि आमचे चाचा. चाचा नात्याने आमच्यापैकी एकाचे, पण हाक मारायला सगळ्यांचे. त्यांची उभी हयात बोटीवर गेली. कोकणातल्या मुसलमान घरांत ‘तो बोटीवर आहे’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. नकाशावरची बंदरे घरातल्या बायकांना पाठ असतात. चाचांची बोट एकदा ब्राझीलमध्ये अॅमेझॉन नदीत शिरली आणि थेट मनाउसपर्यंत गेली. समुद्रापासून जवळजवळ दीड हजार किलोमीटर आत, आणि तरी समुद्रावरची मोठी जहाजे तिथवर जातात. तिथल्या बाजारातून त्यांनी एक सुती झोळी आणली. कापड जाड, दोन्ही टोकांना दोऱ्यांचा पंखा, कडेला विणलेली झालर. तिला पोर्तुगीज भाषेत ‘रेदे’ म्हणतात, म्हणजे जाळे. लिहितात रेदे, पण तिथली माणसे उच्चार ‘हेजी’ असा करतात, हे चाचा आवर्जून सांगतात. नदीतून चार-चार, पाच-पाच दिवस चालणाऱ्या प्रवासी बोटींवर उतारू आपापली झोळी घेऊन चढतात आणि डेकवर ओळीने टांगून झोपतात. चाचा म्हणतात, “वटवाघळं लटकावीत तशी माणसं. पण झोप मात्र राजासारखी.”

ही वस्तू मुळातच त्या भूमीची. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक सुताच्या जाळ्यांत झोपताना त्याला दिसले. तैनो लोकांचा ‘हमाका’ हा शब्द स्पॅनिश भाषेने उचलला आणि त्याचाच पुढे इंग्रजी हॅमक झाला. युरोपातल्या आरमारांनी ती युक्ती उचलली, कारण हेलकावणाऱ्या जहाजात पलंगावरून माणूस पडतो, झोळीतून पडत नाही. आपल्याकडे झोळी होतीच, पण ती तान्ह्या मुलाची. मोठ्या माणसाने झोळीत झोपावे, हे आमच्या घरांतल्या बायकांना अजूनही हसण्यासारखे वाटते.

आम्ही जातो ते आंबोलीकडे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, आणि पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात. राखीव जंगलात परवानगीवाचून रात्र काढता येत नाही आणि काढूही नये. आमच्या ओळखीच्या एका घरची मालकीची जमीन चौकुळच्या वाटेला आहे. दाट रान, खाली ओढा, वर घर. त्यांच्या परवानगीने आम्ही त्यांच्या झाडांना झोळ्या बांधतो.

तंबू का नाही, असे लोक विचारतात. ज्याने पावसाळ्यात तिथली जमीन पाहिली आहे तो विचारणार नाही. सपाट जागा हाताच्या पंजाएवढीही मिळत नाही. मुळे, दगड, उतार, आणि पानांच्या कुजलेल्या थराखाली वाहते पाणी. त्यात जळवा. पावसाळा सरला की गोचिड्या. २०१६ पासून दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला माकडतापाने माणसे दगावली, तो ताप गोचिडीच्या चाव्यातूनच येतो. जमिनीपासून हातभर वर झोपले की यातल्या पुष्कळ गोष्टी खालीच राहतात. झोळीला मच्छरदाणी, वर ताडपत्री, झाडाची साल कापली जाऊ नये म्हणून दोरीऐवजी रुंद पट्टे, आणि पट्ट्यावरून ओघळणारे पाणी झोळीत येऊ नये म्हणून पट्ट्याला बांधलेली एक सुतळी. पाणी सुतळीवरून खाली ठिबकते आणि झोळी कोरडी राहते. पट्टे बांधण्याआधी आम्ही बुंधा बॅटरीच्या उजेडात नीट पाहतो, कारण या रानातला चापडा साप झाडाच्या फांदीवर हिरव्या पानासारखा बसलेला असतो.

एवढे सगळे झाल्यावर माणूस झोळीत शिरतो, पांघरूण ओढतो आणि पहिला एक तास स्वर्गात असतो. झोळीत सरळ न झोपता थोडे तिरके झोपावे, म्हणजे पाठ केळ्यासारखी वाकत नाही. मग मध्यरात्र होते आणि पाठ गार पडू लागते. पोट, छाती, पाय उबदार असतात, पण कंबर आणि खांदे कुणीतरी थंड पाण्याच्या पाटावर ठेवल्यासारखे वाटतात. माणूस वरून आणखी एक चादर घेतो. काही फरक पडत नाही.

याचे कारण साधे आहे. पांघरूण स्वतः गरम नसते. त्याच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हलत नाही, आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. झोपलेला माणूस साधारण ८० वॅट उष्णता निर्माण करतो, जुन्या काळच्या पिवळ्या दिव्याएवढी. ती जपून ठेवायची एवढेच पांघरुणाचे काम. झोळीत मात्र आपल्या वजनाने पाठीखालचे पांघरूण दाबून चपटे होते. त्यातली हवा निघून जाते. उरते एक पातळ कापड आणि त्याच्या खालून वाहणारा वारा. जमिनीवर झोपलेल्याला जमीन गार करते, पण जमीन निदान जागची हलत नाही. झोळीखालची हवा दर क्षणाला नवी असते आणि दर क्षणाला थोडी ऊब घेऊन जाते.

त्यात पाणी मिसळले की हिशेब आणखी बिघडतो. स्तब्ध हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. आणि ओला कपडा अंगावर वाळतो तेव्हा तो वाळवण्याचा खर्च शरीराच्या खिशातून होतो. एक लिटर पाणी बर्फाच्या थंडपणापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याची वाफ व्हायला लागते. म्हणून थर्मामीटर पाहून जंगलातली थंडी कळत नाही. मुंबईच्या ऑफिसात यंत्र लावून मुद्दाम १८ अंश तापमान करतात आणि त्याला आराम म्हणतात. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, रात्रभर तेच १८ अंश माणसाला आजारी पाडू शकतात.

ते आम्ही २०१८ च्या ऑगस्टअखेरीस पाहिले. त्या खेपेला आमच्याबरोबर आमचा एक भाचा होता. सतरा वर्षांचा, काडीसारखा, बारावीतला. त्याची झोळी पॅराशूटच्या कापडाची, आत चांगली जाड झोपायची पिशवी. संध्याकाळी पाऊस थांबला होता. रात्री दोनच्या सुमारास दरीतला वारा फिरला आणि पाऊस आडवा होऊन ताडपत्रीखाली घुसला. आमच्या झोळ्या घळीच्या आतल्या बाजूला होत्या. त्याची काठाला होती. त्याच्या झोळीची खालची बाजू भिजली आणि पिशवीने ते पाणी टिपकागदासारखे शोषून घेतले. पोरगा स्वभावाने संकोची. मामूंची झोप कशाला मोडायची म्हणून तो तसाच पडून राहिला.

चाचांना जाग आली ती त्याच्या दातांच्या आवाजाने. त्यांनी बॅटरी मारली आणि आम्हाला हाका मारल्या. पोरगा झोळीत उठून बसला होता, मच्छरदाणीची चेन उघडायचा प्रयत्न करीत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. “काय होतंय?” असे विचारले तर “काही नाही मामू” असे म्हणाला, पण शब्द जड, एकमेकांत अडकलेले. चाचा त्याला म्हणाले, “बेटा, अंगठा करंगळीला लावून दाखव.” त्याने हात वर केला. बोटे थरथरत होती. अंगठा करंगळीपर्यंत पोचेना.

चाचांचा आवाज एकदम बदलला. आमचे हसतमुख चाचा त्या क्षणी बोटीवरचे सारंग झाले. पुढे त्यांनी सांगितले की थंड समुद्रातून काढलेली माणसे त्यांनी पाहिली होती. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली उतरले की माणूस धोक्यात येतो. आधी जोराची थरथर, मग हातांतली सफाई जाते, मग जीभ जड होते, मग बुद्धी. “थरथर आहे तोवर शरीर लढतं आहे,” ते म्हणाले, “ऊब न मिळताच ती थांबली तर घाबरायचं.”

आमच्यातला एक जण त्याचे हात चोळायला धावला, तर चाचांनी त्याला थांबवले. चोळायचे नाही, चालवायचे नाही, शेकोटीसमोर बसवायचे नाही. आधी वाऱ्यातून बाहेर. मग ओले कपडे सगळे काढायचे, लाजायचे नाही. कोरडे घालायचे. आणि सगळ्यात आधी, त्याच्या खाली काहीतरी घालायचे. त्या रात्री चाचांकडे एक घोंगडी होती, धनगराच्या हातची, काळी, खरखरीत. चाचांच्या सुती झोळीत त्यांनी घोंगडीची चौपदरी घडी घातली, त्यावर पोराला झोपवले, वर दोघांच्या कोरड्या पिशव्या टाकल्या आणि डोक्याला मफलर गुंडाळला. औषधांच्या दुकानातल्या मित्राने स्टोव्हवर पाणी तापवले, दोन बाटल्यांत भरले, बाटल्या मोज्यांत घालून पोराच्या काखांत दिल्या. तो नीट गिळू शकतो हे पाहिल्यावर मग गोड चहा, घोट घोट.

अर्धा तास गेला. आम्ही कुणी बोलत नव्हतो. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता आणि आम्ही त्याच्या थरथरण्याकडे कान लावून बसलो होतो. आपाला काय तोंड दाखवायचे, हा विचार प्रत्येकाच्या मनात होता, पण कुणी उच्चारला नाही. मग हळूहळू थरथर कमी झाली. चाचांनी पुन्हा अंगठा-करंगळी करून दाखवायला सांगितली. या वेळी अंगठा बरोबर पोचला. पोरगा म्हणाला, “चाचा, भूक लागली.” आमच्यातल्या एका मास्तरांनी तोंड फिरवले आणि बराच वेळ ते ओढ्याकडे पाहत राहिले.

उजाडल्यावर त्याला वरच्या घरी नेले. घरच्या आजीने चुलीजवळच्या खोलीत अंथरूण घातले. दुपारी डॉक्टरांना दाखवले. पोरगा ठणठणीत होता.

पुढे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, आणि एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी झोळी शोधली त्यांनी तिच्या खालची थंडीही ओळखली होती. हान्स श्टाडेन नावाचा जर्मन माणूस ब्राझीलच्या किनाऱ्यावर तुपिनांबा लोकांच्या कैदेत होता. १५५७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवले आहे की ही माणसे सुती झोळ्यांत झोपतात आणि रात्रभर जवळ आग ठेवतात. आजही यानोमामी लोकांच्या मोठ्या गोल घरात प्रत्येक कुटुंबाच्या झोळ्या त्यांच्या त्यांच्या चुलीभोवती टांगलेल्या असतात. विषुववृत्तावर आग कशाला, असे वाटेल. पण दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात ध्रुवाकडची थंड हवा अँडीज पर्वताच्या पूर्वेने वर सरकते आणि पश्चिम अॅमेझॉनमध्ये काही दिवस कडाका पडतो. ब्राझीलमध्ये त्याला ‘फ्रियाजें’ म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स हा निसर्ग-अभ्यासक १८४८ पासून अकरा वर्षे अॅमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. त्याने १८६३ च्या आपल्या पुस्तकात या थंडीचे वर्णन केले आहे, पाण्यातले मासेदेखील मरतात असे.

म्हणजे झोळी ही एकटी वस्तू नव्हतीच. झोळी आणि चूल अशी ती जोडी होती. जगाने झोळी उचलली आणि चूल तिथेच ठेवली. ज्या घरात रात्री कुणीतरी उठून लाकूड सरकवते, त्या घरात झोळीत थंडी वाजत नाही. ते कुणीतरी वगळून नुसती झोळी बाजारातून आणली की ती रात्री दोन वाजता आपले खरे रूप दाखवते. भिजलेल्या आंबोलीत रात्रभर विस्तव टिकत नाही, आणि दुसऱ्याच्या रानात तो पेटवूही नये. मग चुलीच्या जागी काय?

याचे उत्तर आपाने दिले. झाला प्रकार कळल्यावर ती आमच्यावर रागावेल, पोराला पुन्हा पाठवणार नाही, असे आम्हाला वाटले होते. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पाठीखालचं दबतं म्हणता ना? मग झोळीच्या आत कशाला घालता? बाहेरून लावा.” झोळीवाल्या लोकांनी परदेशांत नेमके हेच केले आहे, हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. ते लोक झोळीच्या खाली, बाहेरच्या बाजूने, एक हलकी रजई टांगतात. तिच्यावर माणसाचे वजन पडत नाही, म्हणून ती फुगलेली राहते आणि तिच्यातली हवा जागची हलत नाही. आपाच्या हातांना गोधड्या शिवायची जन्माची सवय. गोधडी कुठे दाबली जाते, कुठे टाका घट्ट पडला की ऊब जाते, हे तिला आकड्यांशिवाय ठाऊक होते.

तिने जुन्या लुगड्यांची गोधडी मात्र शिवली नाही. सुती कापड ओल धरते आणि मग ऊब देत नाही, हे तिने स्वतःच सांगितले. तिने आखाती ब्लँकेटही बाजूला ठेवले, फार जड म्हणून. एका जुन्या रजईतला पॉलिएस्टरचा कापूस काढला, दोन्ही बाजूंना छत्रीचे कापड लावले, टाके दूर दूर आणि सैल घातले आणि दोन टोकांना नाडी ओवली. नाडी ओढली की ती झोळीच्या पोटाला अलगद चिकटते. फार ओढली तर दबते, सैल राहिली तर मधून वारा शिरतो. मधला अंदाज हाताला कळतो. तशा पाच रजया तिने त्या हिवाळ्यात शिवल्या. पहिली चाचांना दिली.

आता आमचे काही नियम झाले आहेत. झोपायचे कपडे वेगळे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले. दिवसभर अंगावर असलेला कपडा कितीही कोरडा वाटला तरी रात्री घालायचा नाही. घामही पाणीच आहे. झोपण्याआधी पोटात काहीतरी, गूळ-शेंगदाणे का होईना. लघवीला लागली असेल तर आळस न करता उठायचे. ताडपत्रीच्या चारही बाजू खाली ओढता येतील अशा बांधायच्या, कारण दरीतला वारा कुणाला सांगून फिरत नाही. प्लास्टिक अंगाभोवती गुंडाळायचे नाही, कारण अंगाची वाफ आतच साठते आणि पहाटे माणूस आपल्याच घामाने भिजतो. एक कोरडी घोंगडी सगळ्यांत मिळून राखीव. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरून ठेवते. आणि लहान असो की वडीलधारा, थंडी वाजली तर त्याने हाक मारायची. दुसऱ्याची झोप मोडणे हा गुन्हा नाही.

शेवटचा नियम कुणी ठरवला नाही, तो आपोआप पडला. सगळे आपापल्या झोळीत शिरले की आमच्यातला एक जण बॅटरी घेऊन फेरी मारतो. प्रत्येक झोळीच्या खाली वाकतो, आपाच्या रजईत हात घालतो आणि चाचपून पाहतो. मध्ये फट तर नाही, ओल तर नाही. झोपलेल्याला स्वतःच्या पाठीखालचे दिसत नाही. ते दुसऱ्यालाच पाहावे लागते.